सरपंचाची शुगर आणि धुडकूची लारी

पैज लागली ती प्रमिलाबाईच्या घरापुढच्या ओटल्यावर, आणि तीही मांजराच्या कानावरून.

डिंडोलीच्या त्या गल्लीत प्रमिलाबाईचं मांजर माहीत नाही असं कोणी नव्हतं. नाव सरपंच. अंगानं पोतं, चालणं सभेला निघाल्यासारखं, आणि गल्लीतल्या कुठल्याही घरात विचारल्याशिवाय शिरायचा पूर्ण हक्क. उन्हाळ्यात ते भसाभसा पाणी प्यायला लागलं, सारखं मुतायला लागलं आणि खाऊनखाऊन वाळायला लागलं, तेव्हा प्रमिलाबाई त्याला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टर मॅडमकडे घेऊन गेली. टोपली उचलायला शेजारचा धुडकू होता. मॅडमनी रक्त तपासलं आणि सांगितलं, याला शुगर आहे.

धुडकू तिथंच हसत सुटला. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये आयुष्य काढलं, कापडाला चढणारे सगळे रंग बघितले, पण मांजराला शुगर झालेली ऐकली नव्हती. मॅडम मात्र हसल्या नाहीत. इंजेक्शन रोज दोनदा, सकाळ-संध्याकाळ, बारा-बारा तासांनी. दूध बंद, भात बंद, पोळी बंद, नुसती उकडलेली कोंबडी नाहीतर मच्छी. आणि डोस मनानं वाढवायचा नाही. "शुगर वाढली तर आपल्याला वेळ मिळतो," मॅडम म्हणाल्या. "डोस जास्त झाला आणि शुगर खाली गेली, तर मांजर फिट येऊन पडतं. मग वेळ मिळत नाही."

बारा तासांचं प्रमिलाबाईला कठीण गेलं नाही. तिचा नवरा गजेंद्र लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात होता. तिथं पाळी बदलते सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला. तो डबा घेऊन निघाला की सरपंचाला एक सुई, परत यायच्या वेळेला दुसरी, हे तिनं ठरवूनच टाकलं.

तर त्या दिवशी ती ओटल्यावर बसून सरपंचाच्या कानाला बारीक टोचून रक्ताचा थेंब मशीनच्या पट्टीवर घेत होती. धुडकू समोर बिडी ओढत उभा. भाजीची लारी, म्हणजे हातगाडी, लावणारा भगवान कोथिंबिरीवर पाणी मारत होता.

"वहिनी, त्याला आता सकाळी चालायला पण ने," धुडकू म्हणाला. "गार्डनमध्ये. सगळे शुगरवाले शेठ येतात. ओळखी होतील."

"तुमच्या पोटापेक्षा त्याचं पोट कमी आहे, धुडकूभाऊ. आधी तुम्ही जा."

"काही फायदा नाही. हे मांजर पथ्य पाळणार? याच्या बापानं पाळलं का? परवा माझ्या ताटातला बोंबील यानं माझ्या तोंडासमोरून नेला."

"राखीपर्यंत त्याची शुगर अडीचशेच्या खाली आणून दाखवते."

"लावा पैज."

भगवानला असलं काही दिसलं की तो धंदा विसरतो. त्यानं पंच व्हायचं मान्य केलं आणि अटीही त्यानंच घातल्या. प्रमिलाबाई हरली तर सगळ्या गल्लीला तिनं आपल्या हातचे मांडे खाऊ घालायचे आणि धुडकू शहाणा असं भोंग्यावरून सांगायचं. धुडकू हरला तर भगवानच्या लारीवर सरपंचाला बसवायचं, वर छत्री धरायची, बाजारातून पूर्ण फेरी मारायची, आणि वाटेत कोणी काहीही विचारलं तरी उत्तर एकच: म्याऊ.

"हरणाऱ्याला हेच शोभतं," धुडकू म्हणाला आणि टाळी दिली. हरायचा त्याचा विचारच नव्हता.

पहिले काही आठवडे त्याची झोप उडाली. सरपंच खरंच सुधारायला लागलं. पाणी कमी झालं, अंग धरलं, मशीनवरचा आकडा उतरत उतरत अडीचशेच्या दारात येऊन उभा राहिला. धुडकू रोज लारीकडे बघायचा आणि तिची चाकं करकरतात हे त्याला पहिल्यांदाच जाणवायला लागलं.

मग श्रावण आला आणि घरोघरी कानबाई देवी बसली. रविवारी स्थापना, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. गल्लीत नाच, फुगड्या, कोणाला कसलं भान नाही. आणि मंगळवारपासून सरपंचाचा आकडा चढायला लागला. तीनशे. साडेतीनशे. चारशेच्या वर.

धुडकूच्या अंगात वारं शिरलं. तो प्रमिलाबाईच्या दारावरून जाताना मुद्दाम हवेत पुरण वाटायला लागला. "वहिनी, मांड्याला गूळ कोल्हापूरचा आणा हां. इथला खारट असतो."

प्रमिलाबाई आत निघून गेली. तिचे डोळे सुजले होते. ती रोज कोंबडी उकडत होती, रोज वेळेवर सुई देत होती, आणि मांजर पुन्हा बादलीपाशी बसून पाणी पीत होतं. हे बघून धुडकूचं पुरण वाटणं जरा मंदावलं.

त्या आठवड्यात त्याची रातपाळी होती. दुपारी घरी झोपला होता, तर भिंतीपलीकडून कोणीतरी लाडात बोलताना ऐकू आलं. दोन घरांची मोरी एकमेकीला लागून. त्यानं खिडकीतून डोकं काढलं. पलीकडे प्रमिलाबाईची सासू धुरपदाबाई पाटावर बसली होती. समोर पितळी वाटी. वाटीत दुधातुपात कुस्करलेला कानबाईचा रोट, नैवेद्याची जाड पोळी. आणि वाटीत तोंड घालून सरपंच.

"खाय ले भो," म्हातारी म्हणत होती. "हाऊ तुना वाटा शे. कोनले सांगू नको."

धुडकूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कानबाईच्या रोटाचं धान्य घरातल्या माणशी मुठीनं मोजून घेतात. दळलेलं पीठ घरच्यांनीच संपवायचं, पुनवेच्या आत. बाहेरच्याला घास द्यायचा नाही, उरलं तर टाकायचं नाही. आणि यंदा नातू शिकायला गावी गेलेला, घर रिकामं वाटू नये म्हणून म्हातारीनं सरपंचाच्या नावानं मूठ टाकली होती. टाकली म्हणजे त्यानं खाल्लीच पाहिजे.

धुडकू खिडकीतूनच म्हणाला, "मावशी, काय चाललंय?"

धुरपदाबाईनं पदर वाटीवर टाकला. मांजराचं डोकंही पदराखाली गेलं, पण चाटायचा आवाज येत राहिला.

"तू झोपेल नव्हतास का रे?"

"दुधानं, पोळीनं शुगर चढते त्याची. सून तुमची रडरड रडतेय."

"मंग काय करू? कानबाईना रोट टाकता येस का? आनि तो घरना नही का?"

इथं धुडकूला गप्प राहायला काय हरकत होती? दोन दिवसांनी राखी. मांडे खापरावर पडल्यातच जमा. पण मॅडमनी सांगितलेलं पथ्य त्याच्या कानात बसलं होतं, आणि वहिनीचे सुजलेले डोळे नजरेसमोरून हलत नव्हते. तो पायरी उतरून पलीकडे गेला आणि म्हातारीसमोर उकिडवा बसला.

"घरचाच आहे मावशी, मी कुठं नाही म्हणतो. मागच्या साली गजेंद्रभाऊला कावीळ झाली होती. तेव्हा त्याला तुपातला रोट चालत नव्हता. त्याचा वाटा कोणी खाल्ला?"

"मी खाधा."

"का?"

"आजारी मानूसना वाटा घरना दुसरा मानूस खास. त्यामा काय."

"मग सरपंच आजारी नाही का?"

धुरपदाबाईनं वाटीकडे बघितलं, मांजराकडे बघितलं, मग धुडकूकडे बघितलं, जसं काही हा प्रश्न विचारून त्यानं तिचा अपमान केला. मग हात घालून उरलेला घास स्वतःच्या तोंडात टाकला. "प्रमिलाले सांगू नको," ती खात खात म्हणाली. धुडकूनं शब्द दिला. म्हातारीची लाजही राहिली, मांजरही वाचलं, आणि आकडा दोन दिवसांत काही उतरत नाही, म्हणजे मांडेही पक्के. तो खूश होऊन झोपला.

संध्याकाळी धुडकू पाळीला डबा घेऊन निघाला तर प्रमिलाबाई ओटल्यावर उजेडात सुई धरून औषध ओढत होती. सरपंच पायाशी.

"आज जास्त वाटतंय," धुडकू म्हणाला.

"मॅडमना फोन केला होता. एवढं पथ्य पाळूनही उतरत नाही म्हटल्यावर त्यांनी डोस वाढवायला सांगितलाय. आजपासून."

धुडकू पुढं आला. रोट बंद झाला होता. त्यावर वाढलेला डोस, म्हणजे मॅडम म्हणाल्या होत्या तसं मांजर फिट येऊन पडणार, आणि मग वेळ मिळणार नाही. "वहिनी, थांबा. देऊ नका."

"का बरं?"

"जुनाच द्या. मी सांगतो ना."

प्रमिलाबाईनं त्याच्याकडे असं बघितलं की लारीवरची कोथिंबीर सुकली असती. "शुगर खाली येऊ नये म्हणून ना? राखीपर्यंत?"

"पैजेचं नाही हे. शपथ."

"मागं गॅसची गाडी आली म्हणून खोटी शपथच घेतली होती तुम्ही. सगळी गल्ली रिकामे सिलिंडर घेऊन रोडवर उभी होती. मी दोन उचलून आणले होते."

भगवान लारीवरून म्हणाला, "माझा एक पाय अजून दुखतो त्यात."

धुडकूनं दाराआडून बघणाऱ्या धुरपदाबाईकडे नजर टाकली. म्हातारीनं मान खाली घातली. शब्द दिलेला होता. आणि आयुष्यभर लोकांना उल्लू बनवलेल्या माणसाला खरं बोलायची वेळ आली, तर त्याच्याजवळ पुरावा म्हणून काय असणार? प्रमिलाबाईनं सरपंचाच्या मानेची कातडी चिमटीत धरली.

"हरलो," धुडकू म्हणाला.

"काय?"

"पैज हरलो. राखीची वाट बघायची नाही. भगवान, लारी खाली कर."

"भाजी आहे त्यात."

"वांगी एका बाजूला सार. छत्री दे." त्यानं डबा ओटल्यावर ठेवला, लारीवर पोतं अंथरलं, आणि चपला काढल्या, कशाला ते त्यालाही कळलं नाही. "आता फेरी मारतो. सगळ्या बाजारातून. मला जिंकायचं असतं तर हे केलं असतं का, वहिनी? तुम्हीच सांगा."

प्रमिलाबाईची चिमटी सैल झाली. गल्लीतली माणसं दाराबाहेर आली. धुडकूनं स्वतःहून स्वतःची फजिती करावी, हे कोणी कधी बघितलं नव्हतं.

तेव्हा धुरपदाबाई उंबऱ्यात आली. "बस कर रे धुडकू. मीच दिधं त्याले. रोट, दूध, तूप, सगळं."

प्रमिलाबाईनं सुई खाली ठेवली आणि आधी फोन लावला. मॅडम पलीकडून बराच वेळ बोलल्या. जुनाच डोस द्या, रोट बंद झाल्यावर रोज आकडा कळवा, आणि आजींना माझा नमस्कार सांगा. फोन ठेवून ती सुईकडे वळली. वाढलेलं औषध सांडलं, जुन्या मापाचं भरलं आणि सरपंचाला टोचलं. सरपंचानं मागंही बघितलं नाही, ते समोरच्या कोंबडीत होतं.

"मग झालं," धुडकू चपला पायात घालत म्हणाला. "निघतो मी, पाळी चुकेल."

"कुठं?" भगवान म्हणाला. त्यानं वांगी सारून ठेवली होती.

"आता गरज काय? खरं कळलं ना सगळ्यांना."

"तुम्ही सगळ्यांसमोर हरलो म्हणालात, धुडकूभाऊ," प्रमिलाबाई म्हणाली, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली. तिनं सरपंचाला उचललं, पोत्यावर नीट बसवलं, आणि कानबाईच्या मखराची उरलेली झेंडूची माळ त्याच्या गळ्यात घातली.

लारी निघाली. एका हातानं ढकलायची, एका हातानं छत्री धरायची, त्यामुळे ती सारखी डावीकडे जायची आणि पोरं तिला परत सरळ करायची. मटणाच्या दुकानासमोर सरपंच उभं राहिलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, ते परत बसलं. भोंगेवाल्यानं फुकटात भोंगा लावला. मोबाईल किती निघाले ते विचारू नका.

नाक्यावर मिलचा गुजराती सुपरवायझर चहा पीत उभा होता. धुडकू पाळीला अजून आला नाही म्हणून तो तसाही चिडलेला. त्यानं लारी बघितली, छत्री बघितली, माळेतलं मांजर बघितलं.

"धुडकूभाई, शुं छे आ?"

धुडकूनं मागं वळून बघितलं. भगवान बोट वर करून उभा होता. प्रमिलाबाई पदर तोंडाला लावून. धुरपदाबाई कोणाच्या तरी खांद्यावरून डोकावत.

"म्याऊ," धुडकू म्हणाला.

"पाळी पे आना है के नहीं?"

"म्याऊ."

सरपंचानं मान वळवून त्याच्याकडे एकदा नीट बघितलं, उच्चार पसंत न पडल्यासारखं तोंड फिरवलं आणि पुढं बघायला लागलं.