बसा

सासूबाई कधीकाळी गात होत्या, हे सुनेला लग्नानंतर अठरा वर्षांनी, तेही एका परक्या माणसाच्या पत्रातून कळलं. घरात त्यांचा सूर लागायचा तो फक्त भाजीवाल्याशी.

पत्र एका रेकॉर्ड कंपनीचं होतं. कंपनी म्हणजे दोन मित्र आणि एक खोली. सासूबाईंची एकुलती एक तबकडी, अवघ्या दोनशे प्रतींची, त्यांना पुन्हा काढायची होती. एक गाणं शिडीला उद्देशून, एक शेजारणीच्या पडशावर, एक हरवलेल्या किल्लीवर. ही बाई कोण, म्हणून शौकीन मंडळी वर्षानुवर्षं डोकं खाजवत होती म्हणे. त्यातून किल्लीच्या गाण्यात तर मोठंच कोडं. आवाज मध्येच थांबतो, बराच वेळ काही नाही, मग बाई म्हणते, "बसा." आणि गाणं पुढे सुरू. कुणी म्हणे ते श्रोत्यांना, कुणी म्हणे बाईच चक्रम. तेवढा भाग यंत्रावर साफ करून देऊ, फक्त संमतीची सही हवी, असं लिहून त्यांनी जुन्या गाण्यांची सीडी सोबत पाठवली होती.

सासूबाईंनी पत्र वाचून घडी घातली. सही नाही, म्हणाल्या. का, ते सांगेनात.

सुनेच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. दुपारी बाहेरच्या खोलीत तिने सीडी लावली. किल्लीचं गाणं आलं, थांबलं. "बसा." आणि मागोमाग अगदी बारीक, करर्र-कट्.

तो आवाज तिच्या ओळखीचा होता. स्वयंपाकघरातल्या खुर्चीचा डावा पाय. तीनदा तिने सुतार बोलावला होता आणि तीनही वेळा सासूबाईंनी त्याला दारातूनच वाटेला लावलं होतं.

ती आत गेली आणि त्या खुर्चीत बसली. करर्र-कट्.

मटार सोलता सोलता सासूबाईंनी वर पाहिलं. "ऐकलंस वाटतं."

"मामंजी होते का ते?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तबकडीसाठी गाणी भरली ती एका सुताराच्या कारखान्यात, भिंतींना घोंगड्या टांगून. परक्यांत गायलीस तर घरी येऊ नकोस, असं मामंजींनी सकाळीच बजावलं होतं. आणि ऐन गाण्यात तेच दारात उभे, हातात छत्री.

"वाटलं, दंडाला धरून नेतात आता. मी थांबले, तेही थांबले. काही सुचेना, म्हटलं बसा. बसले ते नेमके नुकत्याच चिकटवलेल्या, सरस न वाळलेल्या खुर्चीवर. डावा पाय ढिला झाला. मग गाणं संपेपर्यंत हलले नाहीत, हललं तर वाजेल म्हणून." सासूबाईंनी एक शेंग सोलली. "सुताराने खुर्ची त्यांच्याच गळ्यात मारली. डोक्यावर घेऊन माझ्यापुढे चालत आले घरी. आणि हे लोक नेमकं तेच पुसायला निघालेत."

"पुसू नका म्हणून लिहिलं तर?"

सासूबाईंनी हात पदराला पुसले. "मग आण पेन. 'बसा' ठेवायचं, असं लिही."

"आणि खुर्ची?"

"खुर्चीही."

सून पेनासाठी उठणार, एवढ्यात सासूबाई मटारात बघत किल्लीचं गाणं गुणगुणायला लागल्या. थांबलं होतं, तिथून पुढचं.

सून उठली नाही. श्वास धरून, पाय न हलवता, तशीच बसून राहिली.