फोनवर बरे झालेले सात जण

"ओ बाई, चपला काढा! तुरीत पाय घालून राहिल्या!"

प्रेमिला सिस्टर दचकल्या. त्यांचा एक पाय ढिगाच्या कडेला पडलाच होता. त्यांनी मुकाट्याने चपला काढून शेडच्या खांबापाशी ठेवल्या आणि ओरडणाऱ्या हमालालाच विचारले,

"चंपतराव कुठे भेटतील?"

"पुढच्या शेडात. पोते शिवून राहिले."

एका माणसाच्या पायासाठी रजा टाकून नागपूरच्या कळमना धान्यबाजारात हिंडायची प्रेमिलाबाईंना हौस नव्हती. पण नाइलाज होता. एकोणीस वर्षे त्या मधुमेहाच्या रुग्णांच्या पायाच्या जखमा धूत आल्या होत्या. जखम भरत यावी आणि माणूस कामावर गेला की पुन्हा फुटावी, हे बघून बघून त्या विटल्या होत्या. मग त्यांनीच डोके लढवले. तळपायाला जखम असेल तेवढ्या जागी चपलेच्या तळात खळगा कोरायचा, म्हणजे जखमेवर भार येत नाही. लकडगंजातल्या मोच्याजवळ बसून त्यांनी चाळीस जणांसाठी नरम रबराच्या चपला करून घेतल्या. तीन महिन्यांनी बत्तीस जण दाखवायला आले आणि बत्तिसांच्याही जखमा भरलेल्या. आठ जण फिरकलेच नाहीत.

एरवी त्या आठांची कोणी चौकशी केली नसती. "दुखलं असतं तर आले असते," असे विभागाचे प्रमुख डॉ. कृष्णकांत म्हणत आणि विषय संपे. पण यंदा हॉस्पिटलने नर्स लोकांना संशोधन कसे करावे आणि पेपर कसा लिहावा, याच्या वर्गाला धाडले. पाच शनिवार. "या वयात निबंध लिहायला शिकवतात," असे पुटपुटत प्रेमिलाबाई गेल्या. तिथे शिकवणारी चिन्मयी वयाने त्यांच्या निम्मी. त्यांची वही बघून ती म्हणाली,

"आलेल्यांना कोणीही मोजेल, सिस्टर. न आलेले आठ जण शोधा. तुमचा पेपर खरा की खोटा, ते त्यांनाच माहीत."

बाईंना राग आला. तरी संध्याकाळी त्या फोन घेऊन बसल्या. सात जणांनी फोन उचलला आणि सातही जण "एकदम बरं आहे" म्हणाले. बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढले. आठवे चंपतराव, त्यांचा फोन तेवढा बंद.

"चाळीसही बरे लिहून टाका," डॉ. कृष्णकांत म्हणाले. "सोमवारी पेपर पाठवून देऊ. पहिलं नाव तुमचं."

बाईंचे नाव आजवर फक्त ड्युटीच्या तक्त्यावर छापून आले होते. सोमवार कधी येतो, असे त्यांना झाले होते. पण ती चिन्मयी काही डोक्यातून जाईना, आणि म्हणून ही आजची रजा. चंपतराव या बाजारात कामाला असतात, एवढे त्या मोच्याला माहीत होते.

चंपतराव पोत्यावर बसून दुसऱ्या पोत्याचे तोंड शिवत होते. बाई दिसताच त्यांनी उजवा पाय बारदानाखाली ओढून घेतला.

"दाखवा," प्रेमिलाबाई म्हणाल्या.

"राहू द्या ना, सिस्टरबाई. चहा सांगू का?"

"चंपतराव, पाय."

त्यांनी पाय पुढे केला. अंगठा नव्हता.

"चप्पल कुठे आहे?"

"घरी. नवी कोरी आहे."

"काहून घातली नाही? सतरांदा सांगितलं होतं ना मी!"

"जाता-येता घालत होतो. पण दिवसभर ढिगावर राहा लागते, बाई. धान्यावर चप्पल घालून कोण चढते?"

प्रेमिलाबाईंनी खाली बघितले. त्या स्वतःच अनवाणी उभ्या होत्या. एवढी साधी गोष्ट! एकोणीस वर्षांत त्यांनी कोणा रुग्णाला विचारली नव्हती.

"मग तेव्हाच मले सांगायचं ना!"

"तुम्ही त्या मोच्यापाशी बसून एवढ्या मायेनं बनवली. कसं सांगू? अन् अंगठा गेल्यावर कोण्या तोंडानं येऊ?"

बाईंनी पिशवीतून चाळीस जणांचा तक्ता काढला, पेन उघडले. चंपतराव वाकून बघू लागले.

"माझ्यानं तुमचा कागद बिघडते का?"

"थोडा बिघडतो."

"मग बरा झाला लिहा ना. कोण पाहाले येते इथं?"

खरे सांगायचे तर बाईंचा हात थांबला. एकच तर माणूस. चिन्मयीला कळणार नव्हते, डॉक्टर विचारणार नव्हते. मग त्यांना स्वतःचाच भयंकर संताप आला आणि तो चंपतरावांवर निघाला.

"अन् उद्या दुसऱ्या गावची सिस्टर माझा कागद वाचून तिथल्या हमालाले अशीच चप्पल देईल, त्याचं काय? त्याचा अंगठा कोणाच्या नावावर टाकू?"

चंपतरावांची सुई थांबली.

"असं असते का ते," ते म्हणाले. "मग ते सात जणही कापा."

"ते काहून? त्यांना मी स्वतः फोन केला. सगळे बरे आहेत."

"ते सातही इथलेच हमाल आहेत, बाई. पहिला फोन गोविंदाले आला. तवाच आम्ही ठरवलं, सिस्टरबाई विचारतीन तं एकदम बरं आहे म्हणायचं. मले खोटं बोलणं जमत नाही, म्हणून मी फोनच बंद करून ठेवला."

प्रेमिलाबाई मटकन पोत्यावर बसल्या. त्यांच्या तक्त्यात वयाचा रकाना होता, साखरेचा होता, जखमेच्या लांबी-रुंदीचा होता. माणूस काम काय करतो, याचा नव्हता.

"पण काहून केलं असं?"

"तुम्हाले वाईट वाटलं असतं."

बाईंना हसूही आले आणि डोळेही भरून आले. त्यांनी पदराने डोळे कोरडे केले आणि तक्त्यावरच्या सात 'बरा'वर एकेक करून काट मारली. मग पिशवीतून हातमोजे काढले.

"बोलवा सगळ्यांना. म्हणावं सिस्टर रागावत नाही, फक्त पाय पाहते."

चंपतरावांनी उभे राहून हाळी दिली. या शेडातून, त्या शेडातून हमाल येऊ लागले आणि खाली माना घालून पोत्यांपाशी उभे राहिले. बाईंनी मोजले. सातांपैकी पाच होते.

"अजून दोघं?"

"त्यांच्यानं आता पाय टेकवत नाही. घरीच पडून असतात," चंपतराव म्हणाले. मग त्यांनीच त्या दोघांच्या घरचे पत्ते सांगितले, आणि बाईंनी ते लिहून घेतले.