पोपटी झिरमिळ्या

मयुरीचं लग्न फैजपूरला घरच्या मांडवात आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिसेप्शन जळगावच्या लॉनवर, असं ठरलं. डेकोरेशनवाल्याने मोबाइलवर फोटो दाखवले: प्लास्टिकच्या फुलांची भिंत, लाइटचं बदामाच्या आकाराचं तोरण. मयुरीने ते शांतपणे पाहिले आणि फोन परत दिला.

"मला वर सगळीकडे झिरमिळ्या हव्यात," ती वडिलांना म्हणाली. "पांढऱ्या आणि पोपटी. कामिनीताईच्या लग्नात आत्याने केल्या होत्या तशा."

तोतारामभाऊ केळीचे बागायतदार. एकुलत्या मुलीच्या लग्नात काही कमी पडू नये, एवढंच त्यांना कळत होतं. "कागदाच्या? लॉनवर? लोकांना वाटेल सत्यनारायण आहे."

"बारीक जाळीच्या असतील तर नाही वाटणार," ओट्यावर वांगी भाजत बसलेल्या कुंदाबाई म्हणाल्या. त्या तोतारामभाऊंच्या थोरल्या बहीण. नवरा गेल्यापासून भावाकडेच राहत होत्या. "पण तशी जाळी मला येत नाही. माझ्या कामिनीच्या वेळची साधी होती. खरी जाळी मंदाची."

मंदाचं नाव त्या घरात बऱ्याच वर्षांनी निघालं होतं.

एके काळी गल्लीत कुणाचंही लग्न ठरलं की कागद कुंदाच्या ओट्यावर यायचा. दुपारची जेवणं झाली की मुली जमायच्या. कुणी कणकेची खळ शिजवायचं, कुणी दोरा ताणून धरायचं. कापायच्या मात्र दोघीच, कुंदा आणि शेजारची मंदा. मंदा कागदाच्या आठ घड्या घालायची, चार-सहा ठिकाणी कात्री फिरवायची आणि उलगडला की समोरासमोर दोन मोर उभे. मांडवात वारा आला की सगळा कागद सळसळायचा आणि खाली पंगतीत बसलेल्या बायकांच्या लुगड्यांवर जाळीच्या सावल्या हलायच्या.

मंदाच्या लग्नासाठी कुंदाने एकटीने महिनाभर कापलं. तीन पेट्या भरल्या. लग्नाला चार दिवस उरले असताना अमळनेरच्या वरपक्षाने कळवलं, लग्न आमच्याकडे होईल, मांडव आमचा आम्ही सजवू. कुंदा वाट पाहत राहिली की मंदा निदान एक शब्द बोलेल. मंदा बोलली नाही. कुंदा लग्नाला गेली नाही. त्याला आता सदतीस वर्षं झाली होती.

"मग जाऊन विचारू ना त्यांना," मयुरी म्हणाली.

"मी नाही जाणार."

पण चौथ्या दिवशी सकाळी कुंदाबाईंनी स्वतःच पातळ बदललं आणि भाचीला म्हणाल्या, "चल. संध्याकाळपर्यंत परत यायचंय."

अमळनेरला मंदाबाईंच्या सुनेने दार उघडलं. मंदाबाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर पडलेला होता, बोटं आत वळलेली. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेल्याचं फैजपूरला कुणाला माहीतच नव्हतं.

कुंदाबाई दारातच थांबल्या.

"ये ना माय," मंदाबाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांची बोली अमळनेरची झाली होती. "बस. इतकी दूर का उभी शे?"

चहा झाला. शेवटी मयुरीने रिसेप्शनचं सांगितलं आणि मोराच्या जाळीबद्दल विचारलं. मंदाबाईंनी डाव्या हाताने उजवा हात उचलून दाखवला आणि परत मांडीवर ठेवला.

"कागद आहे का पिशवीत?" त्यांनी विचारलं.

होता. कुंदाबाईंनी काढला, कात्रीही काढली.

"उभी घडी घाल. आता आडवी. तशी नाही, कोपरा आत घे. बोटभर जागा सोड आणि गोल फिरव. थांब, तिथे मान आहे त्याची."

पहिल्या कागदात मोराची मान तुटली. दुसऱ्यात पिसारा निसटला. तिसरा उलगडला आणि दोन मोर समोरासमोर उभे राहिले. एकाची चोच जरा वाकडी होती.

"माझ्या लग्नाच्या वेळी बोलायला पाहिजे होतं गं मी," मंदाबाई कागदाकडे बघत म्हणाल्या. "वडिलांसमोर तोंड उघडलं नाही. नंतर तुला पत्र लिहायला बसले, तर वाटलं, आता काय लिहायचं?"

"मी तरी कुठे आले," कुंदाबाई म्हणाल्या. आणि त्यांनी चौथा कागद घेतला.

संध्याकाळी परतताना गाडीत मंदाबाई होत्या, त्यांची औषधांची पिशवी होती आणि सुनेने लिहून दिलेल्या गोळ्यांच्या वेळा.

पुढचे बारा दिवस तोतारामभाऊंच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. गल्लीतल्या बायका आल्या, कामिनी माहेरपणाला आली, मयुरीच्या दोन मैत्रिणी पुण्याहून आल्या. होणारा जावई एका रविवारी आला. त्याला खळ लावायचं काम मिळालं आणि त्याने शर्टाची बाही चिकटवून घेतली. मंदाबाई मधोमध खुर्चीत बसून सांगायच्या. कुणी घाईने कापलं की उलगडायच्या आधीच म्हणायच्या, "गेला तो मोर." आणि खरंच गेलेला असायचा.

रिसेप्शनच्या संध्याकाळी लॉनवर स्टेज साधंच होतं. दोन्ही बाजूंना केळीचे घडासकट खांब आणि मागे पांढरा पडदा. वर मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत पोपटी-पांढरी जाळी. थंडीचे दिवस, वारा बेताचा होता. लोक भरीत-पुरीची ताटं घेऊन उभे राहायचे आणि घास घेता घेता वर बघायचे. डेकोरेशनवाल्याने चार वेळा फोटो काढले. फैजपूरच्या म्हाताऱ्या बायका खुर्च्या जवळ ओढून बसल्या आणि कुणाच्या लग्नात कुठला रंग होता यावरून वाद घालू लागल्या.

तोतारामभाऊ पाहुण्यांना नमस्कार करत फिरत होते. कुंदाबाई आणि मंदाबाई शेजारी बसलेल्या दिसल्या तसे ते थांबले. "मंदाक्का, आमच्या आईच्या वेळचा मांडव आठवला," एवढंच म्हणाले आणि डोळे पुसत व्याह्यांकडे निघून गेले.

दोन दिवसांनी मंदाबाईंच्या मुलाचा फोन आला, आईला न्यायला कधी येऊ? तोतारामभाऊ विचारायला मागच्या अंगणात गेले. उन्हात बाज टाकली होती. मंदाबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या आणि कुंदाबाई त्यांच्या केसांना तेल लावत होत्या. दोघी कुणा जुन्या मास्तरांवरून हसत होत्या.

तोतारामभाऊ तसेच मागे फिरले. "रविवारनंतर बघू," त्यांनी फोनवर सांगितलं.