वळणावरची बाई

मित्रांनो, मी एक जुनी चकती आहे, लोहचुंबकाची. आकाराने तळहाताएवढी. रस्त्यात पुरलेली आहे म्हणून मला मेलेली समजू नका. सगळं ऐकू येतं मला.

कारखान्यात माझ्या उत्तर ध्रुवाच्या बाजूला खुणेसाठी लाल रंग दिला, दुसरी गुळगुळीत ठेवली. लाल बाजू वर असली की अर्थ, ‘सावकाश, वळण आलं.’ गुळगुळीत वर असली की, ‘रस्ता सरळ आहे, पळ.’ एवढंच माझं शिक्षण. पण तेवढ्यावर मी बिनचालकाच्या बस वळवल्या. बसच्या पोटाखाली एक यंत्र असायचं, ते वरून जाताना आमचं ऐकायचं. सरळ रस्त्यावर माझ्या बहिणी होत्या. त्यांना काय डोकं लागतं? वळणाच्या तोंडाशी मी होते.

तिथेच पंक्चरवाल्याचं दुकान. बाकावर बसायला गिऱ्हाईक घाबरायचं.

“अहो, बस अंगावर आली म्हणजे?”

“बसा हो बिनधास्त. खाली आमची बाई आहे. तिच्या शब्दाबाहेर जाईल का बस?”

उन्हाने रस्ता तापला की तो माझ्यावर बादलीभर पाणी ओतायचा. पोटच्या पोराने केलं नसतं.

मग पाण्याचा नळ टाकायला रस्ता खोदला. मला उपटून कडेला टाकलं. काम झाल्यावर मजुराने मला लाल बाजू वर करून जागेवर ठेवलं. तेवढ्यात मुकादम आला.

“हे काय रे? रंगाचे पोपडे निघालेत. साहेब बघायला येतायत.”

“दादा, आधी अशीच होती.”

“आधी साहेब येत होते का? चांगली बाजू वर कर. आणि फडकं मार जरा.”

मला पालथं घातलं. वरून चकचकीत केलं. साहेब आले, “वा, नीटनेटकं काम!” म्हणाले आणि गेले. दिसण्यावर भाळणारी जात!

मग बस आली. मला ‘सावकाश’ म्हणून ओरडायचं होतं. पण जी बाजू वर, तिचंच आम्हाला बोलता येतं. मी म्हणाले, ‘पळ.’ बस पळाली. वळण तिला साधलंच नाही. ती थेट दुकानात घुसली. पंक्चरवाला खाली बसून चाक जोडत होता. त्याचा उजवा पाय गेला.

चौकशीला माणसं आली. मुकादम म्हणाला, “जुना माल हो साहेब. चकती खराब झाली.” खराब? मी? मजूर मान खाली घालून उभा राहिला. एकही जण वाकला नाही. पुढे स्वतःच रस्ता बघणाऱ्या, डोळेवाल्या नव्या बस आल्या आणि आमच्यावर डांबर ओतलं.

पंक्चरवाला आता कुबडी घेऊन दुकानात बसतो. कुणीतरी विचारलं, “तुमच्या बाईचं काय झालं हो?”

“नाव काढू नका तिचं,” तो म्हणाला. “तिच्या भरवशावर पाय पसरून बसलो होतो मी.”

मला पालथं घालणाऱ्याचं नाव त्याला कुणी सांगितलं नाही. मला सांगता येत नाही.

मित्रांनो, उपटलेली वस्तू परत ठेवताना ती आधी कशी होती ते बघा. आणि जिला बोलता येत नाही, तिच्यावर आळ घेण्याआधी एकदा वाका. कंबर मोडत नाही.

मी अजून पालथीच आहे. नव्या बस माझं ऐकत नाहीत, तेवढं बरं. पण रस्ता ओलांडताना पंक्चरवाल्याची कुबडी नेमकी माझ्यावर टेकते, आणि तेव्हाही माझ्या तोंडून तेच निघतं. पळ.