थर्लोंचा नारिंगी बोया

थर्लोंच्या दारात, पायरीच्या डाव्या अंगाला, खिळ्यावर लोंबणारं नारिंगी लाकूड पाहिलंत का, मित्रांनो? उन्हाळ्यात येणारे पाहुणे त्याच्याजवळ उभं राहून फोटो काढतात, "किती गोड!" म्हणतात आणि आइस्क्रीम खायला निघून जातात. ते लाकूड म्हणजे मी. मी गोड वगैरे नाही. शेवंडीच्या पिंजऱ्याचा बोया आहे मी. आता म्हातारा झालो आहे, पण समुद्राच्या लाटा खाल्ल्या आहेत आणि राजकारणाच्याही.

हॅडली कोव्हच्या बंदरावर बर्फ साचला होता, तेव्हा आयव्हरी थर्लोने आपल्या खोपटात शेगडीशेजारी बसून मला देवदाराच्या ओंडक्यातून घडवलं. आयव्हरी फारसा बोलायचा नाही. बायकोशी तो मानेने बोलायचा आणि पाद्र्याशी भुवयांनी. लाकडाशी मात्र तोंडाने बोलायचा. "सरळ राहा, लेका," असं म्हणत त्याने मला तासलं, नारिंगी रंग दिला आणि पोटावर पांढरा पट्टा ओढला. ते थर्लोंचे रंग.

आमच्या बंदरात रंग म्हणजे आडनाव. पिंजरा समुद्राच्या तळाशी असतो, तिथून दोर वर येतो आणि दोराच्या टोकाला आम्ही तरंगतो. पिंजरा कुणाचा, ते आमच्या अंगावर लिहिलेलं असतं. दुसऱ्याच्या रंगाचा दोर ओढणाऱ्याशी इथे कुणी बोलत नाही. त्याच्या कुत्र्यालाही कुणी बिस्कीट टाकत नाही. आणि समुद्राने ज्याला नेलं, त्याचे रंग कुणीच लावत नाही. घरच्यांनी आपणहून दिले तरच लावायचे. हा नियम कुठे लिहिलेला नाही, म्हणून तो मोडायचीही सोय नाही.

मी पुष्कळ वर्षं पाण्यावर काढली. सीगल पक्षी माझ्या डोक्यावर बसून विचार करायचे, आणि विचार संपला की जे करायचे ते सांगत नाही. मग फोमचे बोये आले. हलके, स्वस्त, सगळे एकसारखे. आम्हा लाकडी मंडळींना आयव्हरीने खोपटाच्या आढ्याला टांगून ठेवलं. तिथे आम्ही सुकलो, चिरलो आणि कोळिष्टकांना आधार देण्याचं काम करू लागलो. म्हातारपणी असंच काम मिळतं.

आम्हाला तिथून खाली काढलं ते राजकारणाने.

आयव्हरीची मुलगी लीटा धक्क्यावर शेवंडींचं वजन घ्यायची. तिची नजर अशी की दाट धुक्यातही होडीच्या आवाजावरून ती नाव सांगायची आणि पाण्यावरच्या ठिपक्यावरून घराणं. एका वसंतात शहरातल्या कुणीतरी तो धक्का विकत घेतला आणि त्यावर साखळी लावली. त्याला तिथे खुर्ची टाकून सूर्यास्त बघायचा होता. माल उतरवायला जागा उरली नाही. लीटा भडकली आणि राज्याच्या विधानसभेला उभी राहिली.

"बाबा, पाट्या छापायला हव्यात," ती म्हणाली.

"पाट्या कशाला? खोपटात बोये सडताहेत, ते ने," आयव्हरी म्हणाला. त्या वर्षातलं हे त्याचं सर्वात लांब भाषण असावं.

अशा रीतीने आम्ही दारोदार लटकलो. मी माणसं पारखत राहिलो. तो माझा छंदच आहे. कुणी आम्हाला लीटाच्या प्रेमापोटी टांगलं, तर कुणी शेजाऱ्याने टांगलं म्हणून. एका गृहस्थाने पुढच्या दारी आम्हाला आणि मागच्या दारी विरोधकाची पाटी लावली. लीटा निवडून आल्यावर पहिलं अभिनंदन त्याचंच आलं.

लीटा मला विधानसभेत घेऊन गेली आणि तिने मला आपल्या मेजाच्या कडेला टांगलं. बटाट्याच्या भागातून आलेला एक थोराड आमदार मला निरखून म्हणाला, "बाई, एवढं मोठं गाजर आमच्याकडेही होत नाही!"

"ते खाऊ नका, साहेब," लीटा म्हणाली, "त्याच्यामागे अख्खं बंदर दोराला लागलेलं आहे."

मासेमारीचा धक्का कुणीही विकत घेतला तरी तिथे माल उतरवायचा हक्क राहावा, असा कायदा तिने मांडला. पहिल्यांदा तो पडला. दुसऱ्यांदा समितीत गोठला. तिसऱ्यांदा तिने गाजरवाल्या आमदाराला एक दिवस होडीत बसवलं. त्याला यथेच्छ उलटी झाली आणि त्याने कायद्याच्या बाजूने मत दिलं. साखळी निघाली. त्या दिवशी हॅडली कोव्हमध्ये माझ्या अंगावर इतके हात फिरले की पांढरा पट्टा मळला. मित्रांनो, आयुष्यातलं माझं सर्वांत मोठं कौतुक ते.

पण आमदारकी माणसाला हळूहळू घरापासून दूर नेते. लीटाचे शनिवार गेले, मग रविवार गेले. आयव्हरी वारला तेव्हा ती अधिवेशनातून धावत आली आणि पुरून होताच परत गेली. तिला दोष देत नाही मी. काम खरंच होतं.

मग आमच्या भागाची देशाच्या संसदेतली जागा रिकामी झाली. "उभी राहा, लीटा," सगळे म्हणाले. तिने आमदारकी सोडली आणि वॉशिंग्टनच्या निवडणुकीत उतरली. तिच्याबरोबर कॉलिन व्हिटेकर नावाचा एक तरतरीत माणूस आला. निवडणुका जिंकून देणं हा त्याचा धंदा होता. माणूस वाईट नव्हता. झोपायचा कमी, हसायचा वेळेवर, आणि त्याचे बूट इतके नवे की चालताना कुरकुरायचे.

त्याने मला स्वयंपाकघराच्या टेबलावर आडवं केलं.

"कल्पना झकास आहे," तो म्हणाला, "बोयाच्या आकाराच्या पाट्या! पण हा रंग? मॅडम, हा रस्तेदुरुस्तीच्या फलकांचा रंग. लोकांना वाटतं पुढे रस्ता बंद आहे."

"तो माझ्या बाबांचा रंग आहे."

"बाबांना तुमच्या गावात ओळखतात. मतदारसंघ केवढा मोठा आहे! आम्ही आतल्या भागातल्या जंगलवाल्यांना आणि बटाटेवाल्यांना विचारून पाहिलं. त्यांना हा आवडला." त्याने लॅपटॉपच्या पडद्यावर चित्र दाखवलं. गडद हिरवा बोया, पिवळा पट्टा, वर पिवळी टोपी.

मी श्वास रोखला. लाकडाला जेवढा रोखता येतो तेवढा. तो रंग आमच्या बंदरात एकाच घराचा होता. ड्वेन क्राउली त्याच हिरव्या-पिवळ्या बोयांमागे एका नोव्हेंबरात गेला आणि त्याची होडीच तेवढी परत आली. तेव्हापासून त्याच्या बायकोच्या, अल्टाच्या, खिडकीत एक बोया टांगलेला होता. मी वाट पाहिली की लीटाचे डोळे तिथे थबकतील.

तिच्या हातातला फोन वाजत होता. "ठीक आहे," ती म्हणाली. डोळे थबकले नाहीत.

पाट्या आल्या, सगळ्या मतदारसंघात ठोकल्या गेल्या. बाहेरगावच्या स्वयंसेवकांनी आमच्या रस्त्यावरही ओळीने रोवल्या. सकाळी हॅडली कोव्ह जागं झालं तेव्हा बुडालेल्या माणसाचे रंग दर अंगणात उभे होते.

त्या शनिवारी चर्चच्या तळघरात घेवड्याचं जेवण होतं. दर ऑक्टोबरात असतं. उमेदवाराने वाढायचं आणि लोकांनी खाता खाता त्याची फिरकी घ्यायची. लीटा डाव घेऊन उभी होती. मला टेबलाच्या पायाशी ठेवलं होतं.

"लीटा, वॉशिंग्टनला गेलीस की एवढासाच घेवडा देणार का गं?"

"तुला जास्त दिला तर तुझं पोट तिथपर्यंत ऐकू येईल, हार्लन!"

सगळे हसले. तेवढ्यात अल्टा जिना उतरून आली. ती पिंजऱ्यांच्या जाळ्या विणायची. अर्ध्या बंदराच्या पिंजऱ्यांत तिच्याच गाठी होत्या. काखेत पाट्यांचा भारा. तो तिने घेवड्याच्या भांड्याशेजारी ठेवला.

"कुणाचे रंग आहेत हे?"

लीटा हसली. ते तिचं त्या उन्हाळ्यात शिकलेलं हसू होतं. "प्रचाराचे, अल्टामावशी. छान दिसतात ना?"

"छान दिसतात का, असं नाही विचारलं मी. कुणाचे, असं विचारलं."

चमचे थांबले. लीटाने पाट्यांकडे पाहिलं. या वेळी मात्र डोळे थबकले, आणि डाव भांड्यात सुटला.

"ड्वेनचे."

"आठवलं का? धुक्यात ठिपका बघून घराणं सांगायचीस तू. आता नाकासमोर रोवलं तरी सांगायला मला यावं लागतं."

कॉलिन पुढे सरसावला. "बाई, हा केवळ योगायोग..."

"तू कोण रे बाबा? ताटातलं संपव आधी. मी घरातल्या माणसाशी बोलतेय."

"मला माफ कर, मावशी," लीटा म्हणाली.

"ऑक्टोबरातली, मतदानाच्या तोंडावरची माफी मी धरत नसते. ऑक्टोबरात उमेदवार माझ्या मांजरीचीसुद्धा माफी मागतात." अल्टाने रुमालाने हात पुसले. "निवडणूक झाल्यावर ये. जिंकलीस तरी ये, हरलीस तरी ये. मग बघू."

ती आली तशी गेली. जेवलीही नाही, आणि आमच्याकडे घेवडा न खाता जाणं म्हणजे काय ते तुम्हाला कसं सांगू!

गाडीत कॉलिन मृदू आवाजात बोलला. "मॅडम, एक गाव आहे हे. बाकीच्यांना हिरवा म्हणजे नुसता हिरवा. इथल्या पाट्या काढू, विषय संपला."

"सगळीकडच्या काढायच्या."

"सगळीकडच्या? नव्या छापून येईपर्यंत मतदान उरकेल. पाट्या नाहीशा झाल्या तर लोक म्हणतील थर्लोबाईंनी माघार घेतली. चुरशीची लढत आहे. हरू आपण."

लीटा काचेबाहेर, ओळीने रोवलेल्या पाट्यांकडे बघत होती. तिला खासदार व्हायचं होतं. किती मनापासून, ते मी जाणतो. आरशासमोर शपथेचे शब्द पुटपुटताना मी तिला ऐकलं होतं.

"मग हरू," ती म्हणाली. "पण त्या माणसाला खांद्यावर घेऊन मी वॉशिंग्टनला जाणार नाही."

पाट्या उपटल्या गेल्या. जंगलवाल्यांना वाटलं, तिने खरंच माघार घेतली. एका सभेत तिने कारण सांगितलं तर मागून कुणीतरी ओरडलं, "रंगावरून एवढं? मग युद्धबिद्ध आलं तर काय कराल?" लोक खो-खो हसले. हॅडली कोव्हच्या काही दारांत मात्र माझे जुने भाऊबंद पुन्हा दिसू लागले, चिरलेले, पोपडे निघालेले. पण एका बंदराने संसद मिळत नाही. लीटा थोडक्यात हरली. कॉलिनचं गणित बरोबर होतं, हे मी कबूल करायला हवं. त्याने जाताना तिचा हात धरला आणि बूट कुरकुरवत तो गाडीत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लीटाने मला काखोटीला मारलं आणि ती उतारावरून अल्टाच्या घरी गेली. का नेलं मला? एकटीने जायची भीती वाटली असेल.

अल्टा चुलीपाशी जाळी विणत होती. तिने वर पाहिलं नाही.

"हरलीस."

"हरले."

"आमदारकी?"

"ती आधीच सोडली होती."

"मग आता माझ्याकडून काय हवंय तुला?"

लीटाने विचार केला. पत्रकारांना ती असा विचार करून कधी उत्तर देत नसे. "काही नाही," ती म्हणाली.

"बरं. बोल आता."

"मला चित्र दाखवलं, मावशी, आणि मला ड्वेन आठवलाच नाही. आठवूनही ते रंग लावले असते तर निदान त्याला लबाडी म्हणता आलं असतं. मला आठवलाच नाही."

अल्टाचे हात थांबले. "हे जास्त वाईट आहे."

"हो."

चुलीतलं लाकूड कोसळलं. अल्टाने खिडकीतल्या हिरव्या बोयाकडे पाहिलं, आणि तिचा आवाज मी तसा पूर्वी कधी ऐकला नव्हता. "मला त्याचा आवाज आठवत नाही आता. गेल्या वर्षापासून. कुणाला सांगितलेलं नाही. पुष्कळ आठवून पाहते. रंग तेवढे डोळ्यांसमोर येतात."

लीटा खाली बसली. मग लीटा हळूच म्हणाली, "धक्क्याला लागताना तो आधी शिट्टी वाजवायचा आणि मग शिवी द्यायचा. दोर अडकला तरी, नाही अडकला तरी. शिवी खालच्या सुरात, शेवट लांबवून. अशी." तिने ती शिवी दिली. ती मी इथे देत नाही.

अल्टा हसू लागली, आणि हसता हसता तिने रुमालाने नाही, हातातल्या जाळीनेच डोळे पुसले. "पुन्हा दे," ती म्हणाली.

लीटाने पुन्हा दिली.

मित्रांनो, मी लाकूड आहे. लाकडाला वेळच्या वेळी रंग दिला नाही तर पाणी आत शिरतं आणि ते आतून कुजतं. म्हणून तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी टांगलेलं असेल तर त्याला खरवडा, रंग द्या, उन्हात ठेवा. पण ते कुणाचं होतं, तो माणूस कसा चालायचा, कसा हसायचा, कशी शिवी द्यायचा, हेही घरातल्या कुणाला तरी विचारून ठेवा. रंग आम्ही सांभाळू शकतो. आवाज सांभाळणं आम्हाला जमत नाही. ते काम तुमचं आहे.