काळं मेण

गल्लीच्या टोकाला असलेल्या त्या घराबद्दल लोकांची दोन मतं होती आणि ती दोन्ही एकाच तोंडात सुखानं नांदत होती. घरात भूत आहे, हे पहिलं. घड्याळजीला त्याच्या पोरीनंच मारलं, हे दुसरं. भुतानं मारलं असेल तर पोरगी सुटते, आणि पोरीनं मारलं असेल तर भुताला काही काम उरत नाही. पण एवढा विचार करायची कुणाला गरज वाटली नव्हती. अंधार पडला की भूत आणि उजेड असला की पोरगी, असं अठरा वर्षं चाललं होतं.

घड्याळजी घड्याळं दुरुस्त करायचा आणि माणसं बिघडवायचा. जिभेला हाड नसलेला माणूस. वरच्या खोलीत आतून कडी लावून तो काम करत बसे. त्या दुपारी पोरगी शिवणवर्गाहून परतली, हाका मारून थकली, शेवटी कुऱ्हाडीनं दाराची एक फळी फोडून तिनं आत हात घातला आणि कडी काढली. बाप टेबलावर पालथा पडलेला, डोकं फुटलेलं. खिडक्यांना गज. दार आतून बंद होतं, असं ती पोलिसांना सांगत राहिली. पण ते तिच्याशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. दोन महिने तिला कोठडीत ठेवलं, पुरावा नाही म्हणून सोडलं. गल्लीनं मात्र सोडलं नाही. तिचं नाव पडलं कडीवाली. आता ती पन्नाशीला आली होती, तरी नळावर ती आली की बायका आपापल्या बादल्या मागे ओढून घेत.

त्या कडीवालीनं धाकट्याला बोलावलं, कारण तिघा सुतारांनी नकार दिला होता. धाकटा म्हणजे त्याच गल्लीतल्या सुतारवाड्यातल्या दोघा भावांपैकी लहान. कारखाना दादाचा, शब्द दादाचा, याचं वय पस्तीस झालं तरी हा धाकटाच. त्या घरात पाय ठेवायचा नाही, असं दादानं बजावलं होतं. एरवी धाकट्यानं ऐकलं असतं. पण त्याच सकाळी एका कपाटाच्या सांध्यावरून दादानं चार गिऱ्हाइकांदेखत त्याचा पाणउतारा केला होता. भुतापेक्षा दादाचा राग जास्त आला, म्हणून हा हत्यारांची पिशवी उचलून गेला.

तिनं दार उघडलं, पण या असं म्हटलं नाही.

"वरचं दार मला काढून हवंय," ती म्हणाली. "भूत दिसलं तर बोंबलायचं नाही. शेजारी आधीच पुष्कळ बोंबलतात."

दार बाहेरच्या बाजूला, जिन्याकडे उघडणारं होतं. फुटलेल्या फळीवर पत्रा ठोकलेला. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहून त्याच्या हातांकडे पाहत राहिली, चोरावर नजर ठेवावी तशी. बिजागऱ्या तीन. धाकट्यानं वरच्या बिजागरीच्या सळईखाली खिळा धरला, हातोडीचा एक टोला दिला आणि दुसऱ्यासाठी हात उचलला. दुसरा लागलाच नाही. सळई लोण्यातून यावी तशी वर आली.

इतक्या जुन्या घरात सळई अशी येत नाही. ती गंजते, बिजागरीशी एकजीव होते, कधी कधी कापावी लागते. त्यानं ती उजेडात धरली. वरपासून खालपर्यंत काळं, घट्ट, चिकट मेण. त्यानं नखानं खरवडलं, बोटात चोळलं आणि नाकाशी नेलं.

हे मेण बाजारात मिळत नव्हतं. ते त्याचे वडील, अण्णा, कालवत. मधमाश्यांचं मेण, काजळी आणि थोडं जवसाचं तेल. सळई कोरडी घालायची नाही, असा त्यांचा नेम होता. कोरडी सळई घालणारा सुतार आणि उपाशी बैल जुंपणारा गडी सारखेच, असं ते म्हणत. दोन्ही पोरांच्या हाताला त्यांनी ती सवय अशी लावली होती की आता मनाला विचारायची गरजच पडत नसे. सळई हातात आली की दुसरा हात आपोआप डबीकडे जाई.

मधली सळई काढली. काळी. खालची काढली. तीही काळी. मग तो खाली गेला आणि स्वयंपाकघराचं दार पाहिलं, मोरीचं पाहिलं, पुढचं पाहिलं. सगळ्या सळया गंजलेल्या. एकही हलेना.

"दारं मोजायला बोलावलं होतं का तुला?" तिनं विचारलं.

त्याला ऐकू आलं नाही. कसं झालं असेल ते त्याच्या हातांना आधी कळलं होतं. सळया काढून दार सुटं करायचं. कडी पुढे सरकवून आधी तिचं टोक चौकटीच्या खाचेत घालायचं, मग बिजागरीची बाजू जुळवायची आणि सळया बाहेरून परत ठोकायच्या. दार आतून बंद. पाच मिनिटांचं काम, पण सुताराचं. आणि एवढं करून झाल्यावरही त्या माणसानं डबी उघडून तिन्ही सळया मेणात घोळवल्या होत्या. वडील तर खुनाच्या महिनाभर आधीच वारले होते. धाकटा त्या दिवशी परगावी मावशीकडे होता.

एक सळई खिशात घालून, लगेच येतो म्हणून तो निघाला.

दादा रंधा मारत होता. धाकट्यानं सळई त्याच्यापुढे ठेवली. दादानं ती पाहिली आणि रंधा थांबवला नाही. फळीचं टोक येईपर्यंत मारला.

"बाकीची दारं पाहिलीस?"

"सगळी. गंजलेली आहेत."

"मग ही उकळत्या पाण्यात टाक, मेण सुटेल. चार दिवसांत तीही तशी दिसेल."

धाकट्याची कल्पना होती की दादा नाही म्हणेल, आकांडतांडव करेल, निदान हात तरी उगारेल. दादा शांतपणे बोलत राहिला. करवतीच्या आवाजाची तक्रार घड्याळजीनं केली, कारखान्याला चार महिने सील लागलं, अण्णा बंद दाराकडे बघत बघत खंगून गेले आणि त्यांच्या तिरडीपुढे त्या माणसानं म्हटलं की आता जरा शांतता होईल. हे तू ऐकलं नाहीस, मी ऐकलं, असं दादा म्हणाला. मग अण्णांमागे तुला कुणी सांभाळलं, कारखान्यात काम कुणी दिलं, लग्न कुणी लावलं, तेही मोजून दाखवलं.

"तिला दोन महिने कोंडलं होतं, दादा."

"फाशी तर नाही ना दिली कुणी."

भूत भूत म्हणतात ते असं दिसत असेल, धाकट्याला वाटलं. दोन वेळा जेवणारं, रोज दाढी करणारं. दादानं सळई उचलायला हात पुढे केला. धाकट्यानं ती आधी उचलली.

"घराबाहेर जाशील," दादा म्हणाला. "बायकापोरांसकट."

तो परत वर गेला तेव्हा ती सुट्या दारापाशी तशीच उभी होती. त्यानं सगळं सांगितलं. मेण, सळया, भाऊ. ती रडेल, निदान खाली तरी बसेल, असं त्याला वाटलं होतं. तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"मला कशाला सांगतोस?" ती म्हणाली. "कडी लावलेली होती, हे मला माहीतच आहे. मी काढली ती. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग. आणि माझ्याकडून शाबासकी हवी असेल तर मिळणार नाही. तुम्ही दोघांनी एकाच ताटात जेवून अठरा वर्षं काढली आहेत."

त्यानं पिशवी उचलली. दार काढून झालं होतं, पण ते कुठं ठेवायचं हे विचारायचंही त्याला सुचलं नाही.

खाली शिंप्याच्या दुकानाच्या पायरीवर गल्लीचं नेहमीचं कोर्ट भरलं होतं. चार रिकामी माणसं आणि मशीन चालवता चालवता निकाल देणारा शिंपी. धाकट्याला त्या घरातून बाहेर येताना पाहून ते खूश झाले. भेटलं का रे भूत, बापाचं की पोरीचं, असं शिंप्यानं विचारलं आणि बाकीचे हसले.

कारखान्याच्या दारात दादा येऊन उभा होता. हातात काही नव्हतं.

"आमच्याच घरचं आहे," धाकटा म्हणाला, आणि सळई त्यानं मशीनच्या फळीवर, शिवायला घेतलेल्या पांढऱ्या कापडावर ठेवली. "वरच्या खोलीच्या दाराची सळई आहे. हे मेण ओळखता ना?"

शिंप्याच्या दुकानाचं दार त्याच भावांनी, सळयांना तेच काळं मेण लावून बसवलेलं होतं. शिंप्यानं आधी सळईकडे पाहिलं, मग मान वळवून आपल्या बिजागरीकडे, आणि त्याचा पाय मशीनवरून खाली आला.