मेतकुटाचं कस्टर्ड

"हळद काढून पाठवायला सांगा त्यांना," केदार म्हणाला.

"मेतकुटातून?" हेमाने विचारलं.

"का? प्रॉब्लेम काय आहे?"

हेमा देवस्थळी सव्वीस वर्षं या अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत काचेच्या बशीत जंतू वाढवून मोजत होती. आयटी सोडून वडिलांची प्रयोगशाळा सांभाळायला आलेल्या केदारने आता परदेशी मशीन आणलं होतं. नमुन्यावर लेसर टाकायचा, परत येणाऱ्या प्रकाशावरून जंतू ओळखायचा. दहा मिनिटांत. हेमाच्या बशीला चार दिवस लागत, म्हणून तो तिला सरकारी खातं म्हणायचा.

मशीनची अडचण एकच. लेसर पडला की हळदच अशी झगमगायची, की तिच्याआड जंतूंची वरात निघाली तरी दिसू नये.

"अहो सर, बशी उगवेपर्यंत रिपोर्ट थांबवा. विश्रांतवाडीच्या वृद्धाश्रमाचं पोतं आहे. म्हातारी माणसं, मऊ भातावर तसंच घालून खातात."

"मॅडम, चार दिवसांत लोक कंपनी काढून विकतात."

मशीनच्या यादीत मेतकूट नव्हतं. केदारने शोधून शोधून 'कस्टर्ड' निवडलं. रंग तोच. मशीनने ते कस्टर्ड निर्दोष ठरवलं.

"मी सही करणार नाही," हेमा म्हणाली.

केदारने रिपोर्टाच्या तळाशी बोट ठेवलं. 'संगणकाने तयार केलेला अहवाल. सहीची आवश्यकता नाही.'

पाचव्या दिवशी अकराच्या सुमारास बशीत काळ्या ठिपक्यांची दाट वस्ती झालेली दिसली. अन्नातून विषबाधा करणारा जंतू, साल्मोनेला. हेमा बशी घेऊन थेट केदारच्या केबिनमध्ये गेली.

"वृद्धाश्रमाला फोन करते."

"थांबा. आधी मशीनला सांगू दे."

त्याने बशीतलाच ठिपका लेसरखाली धरला. इथे हळद नव्हती. पडद्यावर नाव उमटलं: साल्मोनेला.

"बघा," केदार खुलून म्हणाला, "दहा मिनिटांत."

हेमाने त्याच्याच टेबलावरचा फोन ओढला. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात शालनताईंनी उचलला.

"ते मेतकुटाचं पोतं उघडू नका."

"अहो, तुमचाच रिपोर्ट आला ना, चांगलंय म्हणून. आजच फोडलं."

"वाढलंत?"

"झाली असतील पाच मिनिटं. बसलेत सगळे."

"उठवा त्यांना."

"भरल्या ताटावरून? नव्वदीची माणसं आहेत, ताई. काय सांगू मी?"

"माझं नाव सांगा. हेमा देवस्थळीने उठायला सांगितलंय म्हणावं."

पलीकडे रिसीव्हर बाजूला ठेवल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने एक खुर्ची सरकली.

मग बराच वेळ दुसरी सरकली नाही.